तिकडं कळवायचं न्हाई

आमच्या सासरी देव्हाऱ्यापेक्षा फोनपाशी जास्त सोवळं पाळतात. घरातलं माणूस फौजेत असलं की तिकडं वाईट काही कळवायचं नाही, अशी रीत. गाय दगावली, विहिरीवरची मोटर जळली, कुणी अंथरूण धरलं, तरी फोन आला की सगळ्यांनी आळीपाळीने एकच सांगायचं, सगळं बरं आहे, इकडची काळजी करू नकोस. सासरे हवालदार होऊन निवृत्त झाले. नवरा वर कुठल्याशा बर्फाळ ठाण्यावर आहे. आष्ट्याजवळच्या आमच्या वस्तीवर उसाच्या बरोबरीने फौजीच पिकतात, त्यामुळे ही रीत काही आमच्या एकट्या घरची नाही. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याचं चित्त घराकडे असता कामा नये, एवढंच त्यामागचं कारण. लग्न होऊन आले तेव्हा मला ती रीत शूर वाटली होती. साताऱ्याला माझ्या माहेरी कुणाला शिंक आली तरी चार घरांत फोन जातात.

मुलगी साताऱ्यात झाली. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भावाकडे गेले होते. सासू-सासरे नातीला बघायला आले त्याच दिवशी डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो लवकर उचललाच नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. मग आणखी तपासण्या झाल्या, आणि एका कोऱ्या कागदावर पेनाने हृदय काढून त्यांनी मला समजावलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाटही अरुंद आहे. त्यामुळे अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळून अंगभर फिरतं आणि मूल निळसर पडतं. हे औषधाने भरून येत नाही. काही महिन्यांची झाली, जरा वजन धरलं, की ऑपरेशन करून भोकावर ठिगळ लावायचं आणि वाट रुंद करायची. ठिगळ या शब्दाचा मला रागच आला. ठिगळ गोधडीला लावतात, असं मी त्यांना म्हणालेसुद्धा. ते हसले नाहीत.

बाहेर येऊन मी नवऱ्याला फोन लावायला घेतला. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तिकडं कळवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यो तिकडनं काय करनार हाय? नुसता जळत बसंल."

सासरे दाराशी उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि मी ती होकाराची धरली. मीही वाद घातला नाही. त्या वेळी मला वाटलं, खरंच, तो काय करणार आहे. आपण दोघांनी कशाला जळायचं, एकीने जळलं तरी भागेल.

लग्नाआधी मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकवत असे. सुट्टी लागून मुलं घरी गेली की त्या एवढ्या आवारात मी, पहारेकरी आणि धुकं एवढेच उरायचो. ते धुकं खिडकी उघडी राहिली तर खोलीत येऊन बसायचं. तिथे काही वर्षं काढल्यामुळे एकटं राहणं आपल्याला जमतं, असा माझा समज होता. तो मुलीला घेऊन आष्ट्याच्या भरल्या घरात परतल्यावर मोडला. पाचगणीत बोलायला माणूस नव्हतं. इथे माणसं होती, जो तो मायेने विचारत होता, आणि कुणाशी काही बोलायचं नव्हतं. ज्याच्याशी बोलायचं होतं त्याला तर हसून दाखवायचं होतं.

मुलीला रडू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रडली की फुप्फुसाकडे जायचं ते थोडं रक्तही अडायचं. ती निळ्याची जांभळी व्हायची, धापा टाकायची, एकदा तर तिने मान टाकली. असं झालं की तिचे दोन्ही गुडघे छातीशी दाबून धरायचे, हे मला शिकवलं होतं. सासूबाईंनी ते एकदा बघितलं आणि माझ्यापेक्षा चांगलं करायला लागल्या. सगळं घर तिच्या रडण्याच्या धाकात होतं. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, दाराची कडी हळू लावायची, ट्रॅक्टर वस्तीच्या अलीकडेच बंद करायचा. भूक लागायच्या आत दूध आणि ओलं व्हायच्या आत दुपटं बदलायचं. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, किती गुणाची पोर, रडत कशी न्हाई. रंगाचं म्हणायच्या, बापावर गेली, सावळी हाय. सासूबाई त्यांना काही बोलत नसत. मला मात्र दरवेळी ओरडून सांगावंसं वाटायचं, की बायांनो, ती सावळी नाही, तिला श्वास पुरत नाही. त्याऐवजी मी चहा टाकायला उठायची.

तिकडे रेंज मिळाली की नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. सुरुवातीला एकदा तो म्हणाला, पोरीचे ओठ असे का दिसतात, तिकडं थंडी पडलीय का. मी म्हटलं, उजेड नीट नाही. पुढच्या वेळी फोन वाजला तशा सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि उकडलेल्या बिटाची फोड घेऊन आल्या. बोटाने फोडीचा रस पोरीच्या ओठांवर फिरवला, पदराने कडा पुसल्या, हातांत लोकरीचे मोजे चढवले म्हणजे नखं दिसायला नकोत, आणि मला म्हणाल्या, आता दाव. मी दाखवली. तो खूश झाला. तेव्हापासून घरात बीट संपू दिलं नाही. मला आधी याचा संताप आला, मग हसू आलं, आणि मग सगळ्यात वाईट झालं ते हे, की मला ते आवडायला लागलं. लाल ओठांची माझी लेक फार गोड दिसायची. फोन ठेवल्यावर मी ते लगेच पुसत नसे. थोडा वेळ तशीच मांडीवर घेऊन बसायची.

सासरे या सगळ्यापासून लांब असायचे. फोन आला की घटकाभर थांबून, बरं हाय बाबा, असं म्हणून बाहेर पडायचे. नंतर कधीतरी बांधाकडे जाऊन आपल्या फोनवर बोलताना दिसायचे. ऊसतोडीच्या टोळीशी बोलतोय म्हणायचे. टोळी काही वेळेवर येत नाही हे मलाही माहीत होतं, त्यामुळे मी कधी खोलात गेले नाही.

मध्यंतरी मुलीला खोकला झाला म्हणून गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्याच सकाळी फोन येऊन गेला होता. त्यांनी खोकल्याचं औषध दिलं आणि म्हणाले, रंग तर चांगला दिसतोय, ऑपरेशनसाठी सांगलीला जायची एवढी घाई करू नका, खोकला जाऊ दे. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी घरी येईपर्यंत गुणगुणत होते. त्या एका शब्दावर आम्ही पुढचे कितीतरी दिवस घरात काढले. रंग कशामुळे चांगला दिसत होता, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. इतकी आम्हाला त्या रंगाची सवय झाली होती.

सांगलीच्या इस्पितळात गेलो त्या दिवशी बाहेर बाकावर बसलेलो असतानाच नवऱ्याचा फोन वाजला. सासूबाईंनी पिशवीतून बिटाच्या रसाची डबी काढली. मी पाठीमागे भिंत येईल असं बसून त्याला मुलगी दाखवली. इस्पितळ आहे हे त्याला कळू नये म्हणून बाजारात आलोय म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि आत बोलावणं आलं.

आतल्या डॉक्टर तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी मुलीच्या पायाच्या अंगठ्याला रक्तातला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. आकडा बराच खाली आला. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा आकड्याकडे बघितलं. चिमटी काढून दुसऱ्या पायाला लावली. मग नर्सला म्हणाल्या, हे यंत्र बिघडलंय, दुसरं आण. दुसरं आलं. त्यावरही तेच. त्या गोंधळल्या. मला कळलं होतं काय झालंय, तरी मी मुलीचं दुपटं सारखं करत राहिले. तेवढ्यात मुलीची लाळ गळली. डॉक्टरांनी कापसाने ती पुसली. कापूस गुलाबी झाला आणि त्याखालून तिचा खरा ओठ दिसला, पिकल्या जांभळासारखा.

डॉक्टरांनी आणखी कापूस ओला करून तिचं सगळं तोंड स्वच्छ पुसलं. मग शांतपणे विचारलं, हे कुणी लावलं.

"मी लावलं," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या बापाला दिसू नये म्हनून."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सासूबाईंना बसायला खुर्ची दिली. मला म्हणाल्या, आता थांबून चालणार नाही, तिचा त्रास वाढलाय, सर्जन येतील त्या पहिल्या दिवशी ऑपरेशन घेऊ. छोट्या बाळांच्या हृदयाची ऑपरेशनं करणारे सर्जन बाहेरगावाहून ठरलेल्या वारी येत. मग त्यांनी विचारलं, वडील कुठे असतात. ड्युटीवर, मी म्हटलं. त्यांना सगळं माहीत आहे ना, त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या.

आष्ट्याला पोचल्यावर सासूबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि उरलेलं बीट गाईच्या पुढ्यात टाकून आल्या. पण रीत काही सोडली नाही. ऑपरेशनचंही तिकडं कळवायचं न्हाई, असं मला निक्षून सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा भांडले. म्हटलं, उद्या काही झालं तर मी त्यांना काय सांगू, कुठल्या तोंडाने सांगू. "काय हुनार न्हाई," त्या म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या. सासरे पडवीत होते. मला वाटलं ते मध्ये बोलतील. ते उठून बांधाकडे गेले. मला त्यांचा इतका राग आला की संध्याकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने मुलीच्या अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. कमरेचा करदोटा, हातातले काळे मणी, गालावरची तीट. सासूबाईंनी स्वतः सगळं काढलं, तीट पदराने पुसली. तिला पहाटेपासून उपाशी ठेवलेलं. भुकेने ती रडेल या भीतीने मी तिला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, गुडघे तिच्या छातीशी दाबून. दाराशी नर्स आली आणि हात पुढे केले. मी मुलगी दिली. देताना तिने माझ्या केसांची बट मुठीत धरून ठेवली होती. नर्सने ती हलकेच सोडवली. दार बंद झाल्यावर माझे हात तसेच राहिले, पुढे केलेले, रिकामे. ते खाली घ्यायचं मला सुचलं नाही. शेवटी सासूबाईंनी येऊन ते खाली केले.

आत काय होणार ते मला आधी नीट समजावलं होतं, आणि ते समजून घेतल्याचा मला पश्चात्ताप झाला. तिचं हृदय थांबवणार होते. थांबलेलं असेल तेवढा वेळ एक यंत्र तिचं रक्त बाहेर घेऊन, त्यात ऑक्सिजन मिसळून परत अंगात सोडणार होतं. तिचं हृदय एवढंसं, तिच्याच मुठीएवढं, आणि त्यात टाके. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली कुपवाडकडे जाणारा रस्ता होता. कारखान्यातली माणसं दुचाक्यांवरून कामाला चालली होती, डबे अडकवलेले, कुणी मागच्याशी बोलत, कुणी हसत. त्या प्रत्येकाचा मला हेवा वाटला. ज्याला आज नेहमीसारखं कामाला जायचंय, तो माणूस सुखी. आपल्यासाठी हे सगळं शहर थांबायला हवं होतं, असं काहीतरी मला वाटत होतं, आणि शहर काही थांबत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता. नुसता आवाजाचा फोन, व्हिडिओ नाही. सासूबाई जपाची माळ धरून बाकावर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला.

पोरगी काय करतीय, त्याने विचारलं. झोपलीय, मी म्हटलं. आत्ता या क्षणी तिचं काळीज थांबलेलं असेल आणि मी त्याला सांगत होते की ती झोपलीय. झोपू दे, तो म्हणाला. मग काही बोलेना. लाईन गेली की काय असं वाटून मी हॅलो म्हटलं. आहे, आहे, तो म्हणाला. तू जेवलीस का. हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, जेवलीस ना नीट. मी चिडले. म्हटलं, किती वेळा विचारशील, मला कामं आहेत. बरं, तो म्हणाला, तरी ठेवीना. शेवटी मीच ठेवला. त्याच्या निवांतपणाचा मला इतका तिरस्कार वाटला, की लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस माझा कुणी नाही. माझं या जगात जे कुणी आहे ते त्या दाराच्या आत आहे, आणि तेही आत्ता श्वास घेत नाही.

सासरे दिवसभर जिन्यावरून खालीवर करत होते.

दुपार उलटल्यावर सर्जन बाहेर आले. टोपीचा वळ कपाळावर उमटलेला, चेहरा दमलेला. म्हणाले, ठिगळ नीट बसलं, वाट मोकळी केली, हृदय आपलं आपण चालू झालंय. पुढचे काही दिवस नाजूक आहेत, पण आता तरी सगळं हवं तसं आहे. सासूबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या. ते घाईघाईने मागे सरले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी त्यांना थँक्यू म्हटलं, शाळेत पाहुण्यांना म्हणायचे तसं.

संध्याकाळी मला एकटीला आत सोडलं, थोडाच वेळ. खाटेवर एक बाळ होतं. तोंडात नळी, छातीतून दोन नळ्या, मानेजवळ सुया, मधोमध पांढरी पट्टी. माझी नजर त्या सगळ्यातून वाट काढत तिच्या हाताशी गेली आणि थबकली. नखं गुलाबी होती. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या खाटेपाशी आणलंय मला. जन्मल्यापासून मी ज्या मुलीला ओळखत होते ती निळी होती. या गुलाबी मुलीला मी ओळखत नव्हते. नर्सने पायाशी लावलेली चिठ्ठी दाखवली, तेव्हा खात्री पटली. मी तिच्या तळपायाला बोट लावलं. तो गरम होता. आजवर तो नेहमी थंड असायचा.

ती सावरत गेली. तोंडातली नळी निघाली, मग तिला वॉर्डात माझ्याकडे दिलं. दूध प्यायली. आधी दोन घोट घेऊन दमायची, आता सलग पीत होती, घामाघूम न होता. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी तिच्या सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावून तिला दाखवली. काही लावायची गरज नव्हती. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "छातीतल्या नळ्या काढल्या का?"

नळ्यांचं मी त्याला सांगितलं नव्हतं. मुळात ऑपरेशनचंच सांगितलं नव्हतं.

त्याला सगळं माहीत होतं. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, साताऱ्याहून परतताना. टोळीशी बोलतोय म्हणून बांधाकडे जाऊन ते त्याला रोज सगळं सांगत होते, कधी धापा लागल्या, कधी मान टाकली, डॉक्टर काय म्हणाले. त्याने रजेचा अर्ज केला होता. बर्फाने वाट बंद होती, बदली माणूस येईपर्यंत खाली उतरता येत नव्हतं. त्या ओठांना तुम्ही काहीतरी लावता हेही त्याला दिसत होतं, म्हणाला, इतके लाल ओठ कुणाच्या पोरीचे असतात. आणि ऑपरेशनच्या वेळी त्याने मुद्दामच फोन केला होता. मग मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. म्हणाला, आबा म्हणाले, तिला वाटू दे की तू निवांत आहेस, तेवढाच तिला टेका. तू हळवा झालास तर ती मोडून पडेल.

मी फोन ठेवून दिला. मला आनंद व्हायला हवा होता असं वाचणाऱ्याला वाटेल. मला राग आला. इतके महिने मी एकटीने जे ओढलं, ते एकटीने ओढायची काही गरज नव्हती. तोही तिकडे एकटाच ओढत होता. एकच ओझं दोघांनी दोन टोकांना, एकमेकांपासून लपवून. आणि वर एकमेकांना विचारायचं, जेवलीस का.

सासू-सासरे डबा घेऊन आले तेव्हा मी थांबले नाही. घरी जायला मिळणार म्हणून सासूबाई मुलीच्या दुपट्यांच्या घड्या करायला बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी सासऱ्यांना म्हटलं, आबा, तुम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं सांगत होता. आणि मला वेड्यात काढत होता.

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं.

"व्हय," सासरे म्हणाले. "सांगत व्हतो."

मूल झोपलेलं, त्यामुळे सासूबाई ओरडल्या नाहीत. दबक्या आवाजात म्हणाल्या, मग मी काय येडी म्हनून इतकी वर्सं त्वांड शिवून बसले. तुमच्या सगळ्या नोकरीत एक वंगाळ शबुद तुमच्या कानावर जाऊ दिला न्हाई मी. "आपलं पयलं पोरगं गेलं, तवासुदीक मी कळू दिलं न्हाई तुमास्नी. पोरगं खेळतंय म्हनून कळवत ऱ्हायले. तुमी सुट्टीला आलासा तवाच सांगितलं."

माझ्या नवऱ्याच्या आधी या घरात एक मूल होऊन गेलं, हे मला त्या क्षणी कळलं. घरात त्याचा कधी कुणी उच्चार केला नव्हता. तेही असंच होतं का, निळं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं.

सासरे खिडकीकडे तोंड करून उभे होते. तसेच बोलले.

"मी तिकडं समद्या बराकीला सांगत व्हतो, माझं पोरगं रांगाय लागलं आसंल. दात आलं आसतील. आनि त्यो हिकडं मातीत व्हता." मग ते वळले. "तवा मला सांगायला पायजे व्हतंस."

"सांगून काय केलं आसतंसा तुमी तिकडनं?" सासूबाईंनी विचारलं.

"रडलो आसतो," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी हातातलं दुपटं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, एकदम तरुण आणि घाबरलेला. सासरे येऊन त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. सुनेसमोर ते असे कधी बसत नसत. मी मुलीला उचललं आणि त्या दोघांना तिथे सोडून व्हरांड्यात आले.

नवऱ्याला फोन लागेल की नाही माहीत नव्हतं. लागला. त्याने घाबरून विचारलं, काय झालं. काही झालेलं नाही, म्हटलं, पोरगी बरी आहे, माझ्या खांद्यावर झोपलीय. मला रडायचंय. तू फक्त फोन ठेवू नकोस.

मग तोच आधी रडायला लागला.